लांबदाढ्यांचा अंक

शंकरपट दुपारीच संपला. त्याचा धुरळा अजून
पडद्यावर बसतो आहे, आणि मी विंगेत
मोबाइलच्या उजेडात वही धरून.
प्रॉम्प्टरनं दिसायचं नाही, ऐकू जायचं नाही,
चुकायचंही नाही.

नाटक हिरामण लांजेवार मास्तरांचं:
रोमचा पोप आणि लोम्बार्डांचा राजा.
वडशाच्या कंपनीनं हसून परत केलं,
म्हणून आम्हीच उभं केलं, चुलबंदच्या अलीकडे,
धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत.
'लोम्बार्ड म्हणजे लांब दाढीचे,' मास्तर तालमीत म्हणाले,
'नावातच आहे, विसराल कसे?'
दाढ्या अंबाडीच्या. खाज सुटते.
राजा झालेला रुषी कापगते दर वाक्याला हनुवटी खाजवतो
आणि त्यामुळे खरंच क्रूर दिसतो.

पोप दाजीबा नाकाडे. वय एकाहत्तर, झगा मच्छरदाणीचा.
पहिल्या अंकात तो हत्यार न घेता
राजाच्या छावणीत जातो. बसतो. जेवतो.
राजा म्हणतो, घेतलेली गावं परत देतो,
पण तुला नाही.
तुझ्या पीटरला देतो, त्या मासे धरणाऱ्याला.
पुढं बसलेली ढिवर मंडळी सावरून बसली.

जिंकलेल्याला हरल्यासारखं वाटू नये
म्हणून मधे देव ठेवायचा.
हे वाक्य समासात आहे, पेन्सिलीत. कुणी बोलायचं नाही.

दाजीबाला हा प्रवेश पाठ करावा लागला नाही.
वरच्या गावानं तलावाचं तुडुम बंद केलं
आणि आमचा धान पोटरीतच सुकायला लागला, त्या साली
हाच माणूस काठीसुद्धा न घेता गेला होता.
त्यांच्या पंगतीत लाखोरीचे वडे
चारदा वाढून घेतले, म्हणाला,
असे वडे आमच्या गावात होत नाहीत.
(होतात.)
त्यांच्या पाटलानं पाणी सोडलं: 'तुमाले नाई जी,
तुमच्या बांधावरच्या माताईले.'
नहर वाहिली, आधी माताईचे पाय,
मग आमचा धान.

दुसऱ्या अंकात राजा बदलतो, दाढी तीच.
हा जेवायला बोलावत नाही.
पोप थर्माकोलच्या बर्फातून डोंगर ओलांडतो,
फ्रँकांकडं जातो, परत येतो, वेढ्यात सापडतो,
आणि शेवटी पत्र लिहितो. स्वतःच्या नावानं नाही:
'मी, पीटर, तुम्हाला हाक मारतो. माझं शहर वाचवा.'

इथं दाजीबा थांबला.
मी कुजबुजलो: मी, पीटर.
तो गप्प.
मी, पीटर.
तेवढ्यात बायकांतून एक म्हातारी:
'अक्षर कोनाचं होय जी ते?'

मांडव हसला. दाजीबा हसला नाही,
त्यानं विंगेकडं पाहिलं.

पुढच्या साली पाटील बदलला होता, तुडुम पुन्हा बंद होतं,
आणि पाटबंधारे खात्याला एक अर्ज गेला होता.
अर्जदार: माताई, मुक्काम बांधावर.
मी तहानलेली आहे, साहेब.
अक्षर माझं. दाजीबा सांगत होता, मी लिहीत होतो,
दोघांच्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

साहेब आले. जीप आली, लोखंडी दार आलं, कुलूप आलं,
पाणीही आलं.
किल्ली साकोलीला.
आता दोन्ही गावं तिथं एकाच रांगेत उभी असतात,
कुणी चहाला गेलं तर दुसरा जागा धरतो.

दाजीबानं वाक्य म्हटलं. मीही म्हटलं त्याच्याबरोबर,
मोठ्यानं, जे प्रॉम्प्टरनं कधी करू नये.

शेवटी फ्रँकांचा माणूस
जिंकलेल्या शहरांच्या किल्ल्या पीटरच्या थडग्यावर ठेवतो.
बाजूला मेलेला रुषी दाढी खाजवतो आहे.
मास्तरांची सूचना: किल्ल्यांचा आवाज आला पाहिजे.
आम्ही जमवलेल्या अशा: दोन सायकलींच्या, एक गोदरेजची,
आणि दाजीबानं घरून आणलेली
जुन्या तुडुमाची लाकडी खुंटी.
तिचा आवाज होत नाही.